‘सबब’ कुणाची, ‘फिरत्यात’ कुणाचं?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी कोल्हापुरातल्या एका पेठेत तालीम मंडळाचा गेली चार वर्षं सेक्रेटरी आहे. महिन्यापूर्वी मंडळाच्या पत्त्यावर टाइप केलेलं एक निनावी पत्र आलं. ते जसंच्या तसं खाली देतो.

‘मा. सेक्रेटरीसाहेब, स. न. वि. वि. आपल्या मंडळाच्या गेल्या उत्सवाचा जमाखर्च अद्यापि फळ्यावर लागलेला नाही. मांडवाचे बिल, साउंडचे बिल व महाप्रसादाचे बिल कोणाही सभासदास पाहावयास मिळालेले नाही. पूर्वी विसर्जनानंतर आठ दिवसांत हिशोब फळ्यावर लागत असे. तेव्हा फळा लहान होता. आता फळा मोठा केलाय पण त्यावर नुसते वाढदिवस लागतात. पोरं पावसापाण्याची दारोदार वर्गणीला फिरत्यात, त्यांना कोणी विचारलं तर त्यांनी काय सांगायचं ? सबब येत्या मिटिंगमध्ये हिशोब ठेवण्यात यावा ही नम्र विनंती. कुणावर आळ घ्यायचा नाही.. कळावे. एक हितचिंतक.’

आमचे जुने खजिनदार सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेत. ‘सबब’, ‘अद्यापि’ असं आमच्यात त्यांच्याशिवाय कोण लिहीत नाही. त्यामुळं सगळ्यांची बोटं त्यांच्याकडं आहेत. मुलगा म्हणतो, हल्ली कॉम्प्युटरला दोन कागद दिले की ते एकाच माणसाचे आहेत का ते सांगतो. खरं आहे का? दुसरं, पत्र आल्यावर मी ग्रुपवर साधी सूचना टाकली: ‘उत्सवाचा हिशोब योग्य वेळी सादर करण्यात येईल. सर्व सभासदांनी याची नोंद घ्यावी.’ त्यावर तिघं ग्रुप सोडून गेले आणि एकानं ‘दमदाटी करू नका’ असं लिहिलं. मी वाईट काय लिहिलं होतं? लिखाणातला सूर आणि शैली ओळखायची कशी, एवढं सांगा.
एक सेक्रेटरी, कोल्हापूर

उत्तर:

सेक्रेटरीसाहेब, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासारखंच, लिहिणारा कोण असेल या उत्सुकतेनं. ही खोड माझ्याही अंगात मुरलेली आहे. शहरातल्या एका छापखान्यात मी सत्तावीस वर्षं प्रुफं तपासली. लग्नपत्रिकेपासून साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालापर्यंत सगळं नजरेखालून गेलं. कागदावर नाव नसलं तरी मजकूर कुणाचा, हे दोन ओळींत सांगायची तेव्हा मला भारी हौस. त्या हौसेनं एकदा तोंड चांगलंच पोळलं, ते पुढं सांगते. दुसऱ्यांदा वाचलं ते त्या पत्रातला माणूस म्हणतोय काय, हे ऐकायला. तेव्हा लक्षात आलं की तुमचं अख्खं मंडळ महिनाभर पहिल्याच वाचनावर अडकलंय.

शैली, किंवा आपला जुना शब्द घ्यायचा तर धाटणी, ही सवय असते. माणूस ‘आणि’ लिहितो की ‘व’, ‘पाहिजे’ म्हणतो की ‘हवं’, वाक्य किती लांब ओढतो, ‘मिटिंग’ म्हणतो की ‘सभा’, हे तो ठरवून करत नाही. हाताला तसं वळण पडलेलं असतं. सूर मात्र त्या त्या वेळचा. समोर कोण आहे आणि त्याच्याबद्दल मनात काय आहे, त्याप्रमाणं तो चढतो नि उतरतो. तुमचंच बघा. सकाळी बँकेला अर्ज लिहिता, दुपारी मांडववाल्याला मेसेज टाकता, रात्री बाहेरगावी शिकणाऱ्या लेकीला ‘जेवलीस काय’ विचारता. सूर तिन्हीकडं वेगळा. पण तिन्ही मजकूर शेजारी ठेवले तर त्यांत तुमची एखादी लकब हटकून सापडेल. तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात ‘त्यामुळं’, ‘त्यांच्याकडं’ आहे, आणि ग्रुपवरच्या सूचनेत ‘सादर करण्यात येईल’. एकाच माणसाचे दोन अंगरखे. हे दुसरं उदाहरण आपल्याला शेवटी लागणार आहे.

संस्कृत काव्यशास्त्रात आवाजाच्या चढउताराला ‘काकू’ म्हणतात. रुद्रटानं वक्रोक्तीचे, म्हणजे वाकड्या बोलण्याचे, दोन प्रकार सांगितले, एक श्लेषावर चालणारा आणि दुसरा या काकूवर. (ही काकू म्हणजे चुलती नव्हे. पण घरातली काकू दारात उभी राहून ‘या, मिळाला म्हणायचा वेळ’ असं म्हणते तेव्हा दोन्ही काकू एकदमच भेटतात.) शब्द स्वागताचे, आवाज तक्रारीचा. पंचाईत अशी की कागदावर आवाज उमटत नाही. मग लिहिणारा त्याची भरपाई बारक्या शब्दांनी करतो, आणि मराठीत असे शब्द रगड आहेत. ‘हिशोब लागला’ ही नुसती बातमी. ‘हिशोब लागला एकदाचा’ म्हटलं की वाट बघून कंटाळलेला माणूस दिसतो. ‘हिशोब लागलाच’ म्हणणाऱ्याचं आधीच कुणाशी तरी वाजलेलं असतं. आणि ‘हिशोब लागला म्हणे’ असं जो लिहितो, त्याचा विश्वास बसलेला नाही, किंवा त्याला कुणी बोलावलेलं नाही. हिशोब तोच, लागणंही तेच. सूर शोधायचा तर या किडुकमिडुक शब्दांशी थांबा. मोठे शब्द, ‘पारदर्शकता’, ‘सामाजिक बांधिलकी’ वगैरे, सूर सांगत नाहीत. उलट दडवतात.

तर आता ‘सबब’. मूळ अरबी, अर्थ ‘कारण’. बोलताना आपण ‘सबबी सांगू नकोस’ म्हणतो तेव्हा ते निमित्त होतं, आणि ऑफिसात वाक्याच्या तोंडाशी आलं की ते ‘म्हणून’ होतं. हा शब्द तुमच्या खजिनदारांचा नाही. कोर्टातल्या, कचेरीतल्या, तलाठ्याकडच्या हरेक कागदाचा आहे. खाकी शर्ट अंगात आहे एवढ्यावरून आतला माणूस कोण हे जसं सांगता येत नाही, तसंच हे. शिवाय आपल्याकडं अर्ज कसे लिहिले जातात ते आठवा. माणूस तोंडानं हकीकत सांगतो, अर्ज लिहून देणारा ती ‘अद्यापि’, ‘सबब’, ‘पाहावयास’ अशी कपडे घालून कागदावर बसवतो, आणि डीटीपीवाला ती टाइप करतो. एका पानावर तीन माणसांचे हात. त्यातला कुणाचा हात कुठला, हे वेगळं काढल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

मी घेतलं होतं.

छापखान्यात मालकांच्या टेबलावर एकदा अशीच निनावी चिठ्ठी आली. ओव्हरटाइमचा हिशोब मिळत नाही, अशी तक्रार. टाइप केलेली. मी ती बघितली आणि छातीठोकपणे एका सहकाऱ्याचं नाव सांगितलं. कशावरून? तर प्रश्नचिन्हाच्या आधी एक जागा मोकळी सोडलेली, आणि वाक्य अर्धवट सोडताना तीनच्या जागी दोन टिंबं. त्याचे दहा-बारा लेख मी तपासले होते, सगळ्यांत हेच होतं. मालकांनी त्याला केबिनमध्ये घेतलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. दोन महिन्यांनी उलगडा झाला. ती मोकळी जागा आणि ती दोन टिंबं त्याची नव्हतीच, आमच्या डीटीपी ऑपरेटरची होती. त्याचे लेख तोच टाइप करायचा, आणि ती चिठ्ठीही तिसऱ्याच कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडूनच टाइप करून घेतली होती. मी लेखक ओळखायला गेले आणि ऑपरेटर ओळखून बसले. तो सहकारी पुढं कितीतरी वर्षं महाद्वार रोडला समोरून दिसला की पलीकडच्या बाजूला जायचा. मी एकदा माफी मागितली. ‘असू दे बाई’ एवढंच म्हणाला. त्या तीन शब्दांतला सूर कुठला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता तुमच्या पत्रात ‘सांगायचं’ या शब्दानंतर बघा. प्रश्नचिन्हाआधी जागा सुटलेली आहे. ‘आळ घ्यायचा नाही’ च्या पुढं दोन टिंबं आहेत. मला घाम फुटायचा राहिला.

मुलगा म्हणतो ते खोटं नाही. लिखाण मोजून लेखक शोधायचं शास्त्र आहे, आणि त्याची नावाजलेली गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथल्या राज्यघटनेच्या बाजूनं 1787-88 मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावानं 85 निबंध निघाले. तिघांनी मिळून लिहिलेले. त्यातल्या 12 निबंधांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांपैकी नक्की कुणाचा हक्क, यावर पुढं दीडशेवर वर्षं वाद चालला. मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात तो सोडवला, आणि तोही निबंधांतले विचार बाजूला ठेवून. त्यांनी मोजले ते ‘अपॉन’, ‘बाय’, ‘टू’ असले शब्द, ज्यांच्याकडं लिहिणारा स्वतःही बघत नाही. एक ‘व्हाइल’ लिहायचा तर दुसरा ‘व्हाइलस्ट’. हॅमिल्टन ‘अपॉन’ सढळ हातानं वापरायचा, मॅडिसन क्वचित. कौल मॅडिसनच्या बाजूनं लागला.

पण त्यांच्याकडं काय होतं आणि तुमच्याकडं काय आहे, हे मुलाला विचारा. त्यांच्याकडं संशयित दोनच, आणि दोघांचंही नक्की त्यांचंच म्हणता येईल असं हजारो शब्दांचं लिखाण. वादातला प्रत्येक निबंधही चांगला लांबलचक. तुमच्याकडं शंभरही न भरणारे शब्द, तेही दुसऱ्याच्या हातून टाइप झालेले, आणि संशयित म्हणून सगळी पेठ. खजिनदारांनी पूर्वी लिहिलेली इतिवृत्तं द्याल म्हणता? इतिवृत्त आणि तक्रारीचं पत्र या दोन जातीच वेगळ्या. कुठलाही माणूस इतिवृत्तात हेडक्लार्कच होतो. कॉम्प्युटरला विचारलंत तर तो काहीतरी सांगेल, आणि मी मालकांना सांगितलं होतं तितक्याच ठामपणे सांगेल. भीती त्याचीच आहे.

त्यापेक्षा ऐकायचं काय, ते सांगते. तुमच्या पत्रात ‘सबब’ वर सगळ्यांची नजर गेली आणि ‘फिरत्यात’ वर कुणाचीच गेली नाही, याचं मला नवल वाटतं. बघा, पत्र सुरू होतं ते कडक इस्त्रीत. ‘अद्यापि’, ‘कोणाही सभासदास’, ‘पाहावयास मिळालेले नाही’. मग मध्येच ‘केलाय’ येतं. ‘मोठा करण्यात आलेला आहे’ असं लिहायला काही हरकत नव्हती, वरच्या तीन वाक्यांना ते शोभलंही असतं. तिथून इस्त्री मोडते. ‘मुले फिरतात’ नाही, ‘पोरं फिरत्यात’. हे कागदावर लिहायचं मराठी नव्हे, आपल्या गल्लीतलं आहे. अर्ज लिहिणाऱ्यानंही ते बदललं नाही, किंवा बदलू दिलं नाही. पुढच्याच ओळीत माणूस सावरतो, ‘सबब’ म्हणून पुन्हा गुंड्या लावून बसतो. म्हणजे ज्या दोन ओळींत त्याची शैली हातातून सुटली, नेमक्या त्याच ओळींत तो स्वतः बोलला. सूर ओळखायची याहून चांगली युक्ती मला सत्तावीस वर्षांत सापडली नाही: धाटणी कुठं मोडते ते बघायचं आणि तिथं कान लावायचा.

तिथं काय ऐकू येतं? ‘तेव्हा फळा लहान होता.’ चार शब्दांचं वाक्य, आधीचं आणि नंतरचं लांब. टोमणा आहे, त्यात शंका नाही. फळा मोठा करणाऱ्या कमिटीला चिमटा. मग ‘नुसते’. हा शब्द काढून वाचा: ‘त्यावर वाढदिवस लागतात’. टोमण्याची हवाच गेली की नाही? शब्द काढून बघायचा आणि काय गेलं ते तपासायचं, ही पद्धत मी नव्या पोरींना प्रुफं शिकवताना वापरायची. पण टोमण्यावरच पत्र संपत नाही. लगेच पोरं येतात, पावसापाण्यात दारोदार फिरणारी, ज्यांना लोक विचारणार आणि ज्यांच्याकडं उत्तर नसणार. इथं चिमटा नाही, काळजी आहे. पैसे खाल्ले असा आरोप करायचा असता तर किती जमले, किती गेले, कुणाच्या खिशात, असे आकडे आले असते. पत्रात एकही आकडा नाही, एकही नाव नाही.

आणि पहिलाच शब्द. ‘आपल्या मंडळाच्या’. मराठीत ‘आपला’ दोन तोंडांचा आहे. आदरानं ‘तुमचा’, नाहीतर सगळ्यांना कवेत घेणारा ‘आपणा सर्वांचा’. तुम्ही तो ‘तुमच्या मंडळाच्या’ असा वाचलात, म्हणून बाहेरचा कुणीतरी बोट दाखवतोय असं वाटलं. आपल्याकडं बोलण्यात आदरार्थी ‘आपण’ तसा फारसा ऐकू येत नाही, आपण सरळ ‘तुम्ही’ म्हणतो. पण पत्रात तो येतो, म्हणून नुसत्या त्या एका शब्दावरून निकाल लागणार नाही. निकाल लागतो तो पुढं. पूर्वी हिशोब आठ दिवसांत लागायचा हे त्याला माहीत आहे, फळ्याचं माप त्याच्या डोळ्यांत आहे, आणि पोरांना तो ‘तुमची पोरं’ म्हणत नाही. हा माणूस त्या फळ्याखाली उभा राहून मोठा झालेला आहे. तेव्हा ते ‘आपल्या’ आपल्या सगळ्यांचंच आहे.

शेवटचं वाक्यही पुन्हा वाचा. ‘कुणावर आळ घ्यायचा नाही.’ यात कर्ता नाही. ‘मला कुणावर आळ घ्यायचा नाही’ असं असेल, किंवा ‘तुम्ही कुणावर आळ घ्यायचा नाही’ असंही असेल. मराठीत ‘घ्यायचा नाही’ ही इच्छाही होते आणि ताकीदही. यातलं काय म्हणायचं होतं ते मी सांगू शकत नाही. पण दुसरा अर्थ धरला तर तुमच्या मंडळानं महिनाभर जे केलं, तेच करू नका म्हणून पत्रातच लिहिलेलं होतं.

आता एक गोष्ट गावाची. कागदावरचा सूर वाचताना लिहिणारा कुठला, वाचणारा कुठला, हे धरावंच लागतं. आपल्याकडं रंकाळ्यावर दोन दोस्त बऱ्याच दिवसांनी भेटले की पहिलं वाक्य ‘काय मर्दा, मेलतास काय?’ असंच निघतं, आणि ती मिठीच असते. हेच वाक्य पुण्याच्या जावयाला मेसेजमध्ये पाठवून बघा. माझी आई जन्मभर ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणायची, आपल्याकडच्या कितीतरी बायका म्हणतात. मी छापखान्यात लागल्यावर ‘जाते’, ‘आले’ लिहायला लागले, घरात मात्र अजून ‘आलो, आलो’ म्हणूनच दार उघडतो. बाहेरच्या माणसाला ती चूक वाटते, आम्हाला ते घर वाटतं.

जुन्या काळी हे काम मायना करायचा. आपल्या पुराभिलेखागारात करवीर दरबारचे मोडी कागद आहेत. मोडीत शब्द सुटे लिहायची पद्धत नव्हती आणि विरामचिन्हं तर नव्हतीच. ती मराठीत रुजली एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीनं. म्हणजे उद्गारचिन्ह नाही, टिंबं नाहीत, हसरा चेहरा तर नाहीच. तरी लिहिणारा वडील की धाकटा, हुकूम की विनंती, हे पहिल्या आणि शेवटच्या शब्दांत कळायचं. ‘विनंती उपरी’ वेगळं आणि ‘आशीर्वाद उपरी’ वेगळं. शेवटी ‘लोभ असो दीजे’ आलं तर बरोबरीचा जिव्हाळा, नुसतं ‘जाणिजे’ आलं तर ते वरून खाली आलेलं. तुमच्या ‘नोंद घ्यावी’ मध्ये तेच ‘जाणिजे’ आहे.

आलोच आता तुमच्या सूचनेवर. तुम्ही म्हणता साधी होती. मी त्या ग्रुपवर नाही, तरी आधी काय चालत असेल ते सांगू शकते: ‘ढोल कुठायत रे’, ‘उद्या मॅच किती वाजता’, कुणाच्या तरी पोराच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो, आणि त्याखाली वीस अंगठे. त्यात एकदम ‘सादर करण्यात येईल’. आई रोज ‘बाळ्या’ म्हणते, आणि एक दिवस आडनावासकट पूर्ण नाव घेऊन हाक मारते, तेव्हा पोरगं हाक ऐकूनच ओळखतं की काहीतरी बिनसलंय. नावात वाईट काहीच नसतं. नेहमीची शैली बदलली की ते बदलणंच सूर होऊन बसतं. तिघं ग्रुप सोडून गेले ते यामुळं.

त्यात वाक्यांची घडणही बघा. ‘करण्यात येईल’. कोण करणार? कुणी नाही. सरकारी कागदाला ते सोयीचं आहे, कारण तिथं माणूस बदलतो आणि खुर्ची राहते. मंडळात तसं नाही. तिथं सगळे तुम्हाला नावानं ओळखतात, आणि तुम्ही नेमके हिशोबाच्या वाक्यातून गायब झालात. ‘योग्य वेळी’ म्हणजे कधी? ज्याला तारीख द्यायची नाही तो ‘योग्य वेळी’ लिहितो, हे वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि ‘नोंद घ्यावी’ म्हणजे विचारू नका. तुमच्या मनात हे नव्हतं, मी मान्य करते. मनातला सूर कागदावर उतरलाच आहे अशी लिहिणाऱ्याची नेहमीच खात्री असते. क्रूगर, एप्ली आणि सहकारी या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये यावर प्रयोग केले होते. ईमेलमधलं गंभीर कुठलं आणि उपरोधाचं कुठलं हे समोरच्याला सुमारे 78 टक्के वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कळलं 56 टक्के. छापा-काटा केला असता तरी पन्नास लागले असतेच. तेच आवाजात सांगितलं तेव्हा 73 टक्क्यांपर्यंत गेलं. तेव्हा पाठवायच्या आधी ती सूचना कुणा तिसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची होती. ज्याचा हिशोबाशी संबंध नाही अशा कुणाकडून. त्यानं कुठल्या आवाजात वाचली, ते ऐकून तुम्हाला बरंच कळलं असतं. स्वतः वाचून उपयोग नाही, आपण आपल्या मनातल्याच आवाजात वाचतो.

हिशोब लावा. वर्गणीचा हिशोब धर्मादाय आयुक्त कार्यालयातही द्यावाच लागतो, म्हणजे कागद कधीतरी तयार करायचेच आहेत. फळ्यावर मजकूर असा काहीतरी लिहा, ग्रुपवर नंतर त्याचा फोटो टाका:

‘गेल्या उत्सवाचा हिशोब लावायला उशीर झाला, तो माझ्याकडून झाला. मांडव, साउंड आणि महाप्रसादाची बिलं येत्या रविवारी संध्याकाळी तालमीत टेबलावर ठेवतो. ज्यांना बघायची आहेत त्यांनी या. पत्र कुणी लिहिलं हे मंडळ विचारणार नाही. सेक्रेटरी.’

यात ‘ठेवतो’ च राहू द्या. कुणीतरी सुशिक्षित माणूस ‘ठेवण्यात येतील’ करायला सांगेल, ऐकू नका. ‘काही विघ्नसंतोषी लोकांनी’ अशी सुरुवात करायचा मोह होईल, तोही आवरा. ‘नम्र विनंती’ घालू नका, कारण तुम्ही विनंती करत नाही आहात, कबूल करत आहात. एखादं बिल सापडत नसेल तर रविवार लिहिण्याआधी कुठलं सापडत नाही ते लिहा. तेवढ्यासाठी कुणी ग्रुप सोडणार नाही.

खजिनदारांकडं मात्र फळा लिहायच्या आधी जाऊन या. पत्र खिशात घेऊन जाऊ नका आणि त्याचा विषयही काढू नका. बिलं लावून द्यायला मदत कराल काय, एवढंच विचारा. गावानं महिनाभर त्यांच्याकडं कसं बघितलं हे त्यांना कळलेलं असणारच. ते ‘बघू’ म्हणाले तर तो ‘बघू’ कुठला, हे तुम्ही समोर बसून ऐकाल तेव्हा कळेल, मी इथून सांगू शकत नाही.

आणि हिशोब लावताना फळ्यावरचे वाढदिवस पुसू नका. एका बाजूला सरकवा. फळा आता मोठा आहे.